फोटोत तुम्हीही दिसाल, असा कॅमेरा घ्या

प्रश्न: पुढच्या महिन्यात आम्ही दहा दिवसांच्या सहलीला निघतोय. मी, नवरा, आई-बाबा आणि दोन मुलं. मोठा नऊ वर्षांचा, धाकटी पाच वर्षांची. माझ्याकडे बाबांचा जुना एसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) आहे, पण तो, दोन लेन्स आणि वर लावायचा फ्लॅश मिळून एक वेगळी बॅगच होते. मागच्या सहलीत ती बॅग मी सांभाळली आणि परत आल्यावर लक्षात आलं की अख्ख्या अल्बममध्ये मी जवळजवळ नाहीच. या वेळीही फोटो फिल्मवरच काढायचे आहेत, पण कॅमेरा खिशात मावेल असा हवा. भाऊ म्हणतो, रोलाय ३५ घे, लेन्स फार चांगली आहे. मैत्रीण म्हणते, झूमवाला ऑटोमॅटिक घे, त्यात सगळं येतं. मुलाला त्याचा स्वतःचा कॅमेरा हवाय. नक्की काय घेऊ? रोल किती आणि कुठले न्यावेत? थोडा प्रवास विमानाचा आहे. एक्स-रेमधून गेले की रोल खराब होतात, हे खरं का?

उत्तर: तुमच्या पत्रातलं अल्बमचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. दहा दिवस सगळ्यांसोबत राहूनही तुम्ही फोटोत नाही, कारण तो कॅमेरा तुमच्याशिवाय कोणाला चालवताच येत नव्हता. एसएलआर आईच्या हातात दिला की त्या विचारणार, "सगळं धूसर का दिसतंय?" तुम्ही जाऊन रिंग फिरवून दाखवेपर्यंत मुलं भलतीकडे पळालेली असणार. म्हणून या वेळी लेन्सचा विचार नंतर करा. आधी हे बघा, की कॅमेरा आईच्या किंवा नवऱ्याच्या हातात दिला आणि तुम्ही मुलांजवळ जाऊन उभ्या राहिलात, तर काही न समजावता नीट फोटो निघेल का? ज्या कॅमेऱ्याबद्दल याचं उत्तर 'हो' असेल, त्यांच्यातूनच निवड करायची.

भाऊ सांगतो ते खोटं नाही, पण ते या सहलीला लागू पडत नाही. रोलाय ३५ हा १९६६ साली आला आणि त्यावरची ४० मिमीची टेसार लेन्स आजही नावाजली जाते. कॅमेरा खरंच मुठीएवढा आहे. पण फोकस बरोबर लागलाय की नाही, हे सांगणारी कसलीच सोय त्यात नाही. व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून, सगळं कायम स्पष्टच दिसतं. समोरचा माणूस दोन मीटरवर आहे की तीन, याचा अंदाज आपण बांधायचा आणि लेन्सवर तो आकडा लावायचा. अ‍ॅपर्चर आणि शटरचा वेगही, म्हणजे उजेड किती मोठ्या वाटेनं आणि किती वेळ आत यावा हे, हातानंच ठरवायचं. लेन्स आत ढकलायच्या आधी रोल एक घर पुढे घेऊन शटर चढवलेलं असावं लागतं, नाहीतर ती आत जात नाही. एकट्यानं सावकाश भटकणाऱ्याला हा कॅमेरा लळा लावतो. पाच वर्षांच्या मुलीमागे धावणाऱ्या घराला तो सोसणार नाही.

झूमवाल्या कॅमेऱ्याला माझा स्पष्ट नकार आहे. त्यावर ३८ ते १४० मिमी असं काही लिहिलेलं असतं आणि ते वाचून हरखून जायला होतं. पण या छोट्या झूम लेन्सचं अ‍ॅपर्चर लांबच्या टोकाला एफ/१० च्या आसपास येऊन ठेपतं (एफचा आकडा जेवढा मोठा, तेवढी उजेडाची वाट लहान). एफ/२.८ च्या लेन्समधून जेवढा उजेड फिल्मवर पडतो, त्याचा जेमतेम बारावा हिस्सा इथे पडतो. ही तूट भरून काढायला कॅमेरा एकतर शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, म्हणजे फोटो हलतो, किंवा फ्लॅश उडवतो, आणि तो लांबच्या माणसापर्यंत पोचत नाही. शिवाय मोटारीवर आत-बाहेर सरकणारी नळी म्हणजे जुन्या कॅमेऱ्यात बिघडायला आणखी एक जागा.

तुम्हाला हवी आहे ती ३५ मिमीच्या आसपासची एकच, जागची न हलणारी लेन्स. सहलीला हे माप का चांगलं, ते हिशेबानंच सांगते. फिल्मची चौकट ३६ मिमी रुंद असते, त्यामुळे ३५ मिमी लेन्स जेवढ्या अंतरावरून फोटो काढावा साधारण तेवढ्याच रुंदीचं दृश्य पकडते. तीन मीटर मागे गेलात की तीन मीटर रुंदीची रांग आली. म्हणजे तुम्ही सहाही जण खांद्याला खांदा लावून उभे राहिलात तरी मावता, आणि मागचं ठिकाणही दिसतं. ५० मिमीला त्यासाठी सव्वाचार मीटर मागे जावं लागेल, आणि गर्दीत तेवढी मोकळी जागा मिळेलच असं नाही.

माझी पहिली पसंती ऑलिम्पस एक्सए२. योशिहिसा मैतानी यांनी घडवलेला एक्सए १९७९ साली आला आणि पाठोपाठ १९८० साली हा त्याचा सोपा भाऊ. पुढचं झाकण बाजूला सरकवलं की कॅमेरा तयार, बंद केलं की लेन्स झाकली जाते आणि बटणही दाबलं जात नाही. वेगळं लेन्सकव्हर हरवायची भीती नाही. लेन्स ३५ मिमी एफ/३.५. उजेडाचं गणित कॅमेरा स्वतः करतो. फोकससाठी फक्त तीन खुणा आहेत, जवळ, मधलं आणि लांब. मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे झाकण बंद केलं की ही खूण आपोआप मधल्या जागी परत येते. कुटुंबाचे बहुतेक फोटो त्याच अंतरावरून निघतात. म्हणजे आईंनी झाकण उघडून नुसतं बटण दाबलं तरी चालतं. उजेड कमी पडत असेल तर व्ह्यूफाइंडरमध्ये हिरवा दिवा लागतो. तो दिसला की हात कशावर तरी टेकवायचा किंवा फ्लॅश लावायचा. त्याचा ए११ हा फ्लॅश कॅमेऱ्याच्या कडेला स्क्रूनं बसतो आणि एका पेन्सिल सेलवर चालतो. फ्लॅश वेगळा असल्यामुळे नको तिथे तो आपण होऊन उडत नाही, हा मोठाच फायदा.

मूळ एक्सए, म्हणजे याची रेंजफाइंडर आवृत्ती, घ्यायचा आग्रह कोणी करेल. तिची लेन्स एफ/२.८ आहे आणि कॅमेराही सुरेख आहे, पण प्रत्येक फोटोला दोन प्रतिमा एकमेकींवर आणून जुळवाव्या लागतात. म्हणजे फिरून पुन्हा कॅमेरा तुमच्याच हातात.

ऑटोफोकसच हवा असेल तर निकॉनचा १९८३ चा एल३५एएफ बघा. ३५ मिमी एफ/२.८ लेन्स, दोन साधे पेन्सिल सेल, आणि अंगानं जरा जाडजूड. ऑलिम्पस म्यू-२ हा १९९७ चा कॅमेरा याहून खूपच लहान आणि हलका आहे, शिंतोड्यांना तोंड देईल असा बनवलेला, आणि त्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. पण तो आतून पूर्ण इलेक्ट्रॉनिक आहे, एकदा गेला की दुरुस्ती करणारा क्वचितच सापडतो. शिवाय दर वेळी झाकण उघडलं की फ्लॅश पुन्हा 'ऑटो'वर येतो. संध्याकाळच्या मंद उजेडात तो नको असेल तर प्रत्येक वेळी बटण दाबून बंद करावा लागतो. घरातल्या बाकीच्यांच्या हे लक्षात राहणार नाही.

सेलची कटकटच नको असेल, तर १९६७ पासून निघालेला ऑलिम्पस ट्रिप ३५ आहे. लेन्सभोवतीच्या सेलेनियमच्या काचेवर उजेड पडला की त्यावरच त्याचं उजेड मोजणारं मीटर चालतं. वापरलेला घेताना लेन्सवर आणि त्या काचेवर तळहात ठेवून बटण दाबा. व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी वर आली आणि शटर अडलं, तर ती यंत्रणा जिवंत आहे. उजेडातही लाल पट्टी येत असेल किंवा अंधारातही शटर उडत असेल, तर तो कॅमेरा परत ठेवा. आणि जुनं काही नकोच, नवाकोरा हवा, असं असेल तर २०२४ साली आलेला पेंटॅक्स १७ आहे. तो अर्ध्या चौकटीचा आहे, ३६ च्या रोलवर ७२ फोटो निघतात, पण निगेटिव्ह निम्म्या आकाराचं असतं आणि कॅमेरा सरळ धरला की फोटो उभा येतो. सहा माणसांची आडवी रांग घ्यायची तर कॅमेरा वळवून धरावा लागेल.

एक्सए२ घ्यायचा ठरलं तर हातात घेऊन नीट तपासा. घाई करू नका. सेलच्या खणात हिरवट-पांढरा थर दिसला तर समजा की सेल आत गळलाय. मागचं दार उघडून कडेच्या खोबणीतला काळा स्पंज दातकोरणीनं हलकेच टोचा. तो डांबरासारखा चिकटला तर त्याचं आयुष्य संपलंय आणि तिथून फिल्मवर उजेड शिरणार. दारामागचं हे काम दुरुस्तीवाला सहज करून देतो, त्यामुळे एवढ्यासाठी कॅमेरा नाकारू नका. दार उघडंच ठेवून, सेल घालून, कॅमेरा खिडकीकडे रोखा आणि बटण दाबा. उजेडाचा ठिपका पापणी लवते तेवढाच दिसला पाहिजे. मग लेन्सशेजारची मीटरची छोटी खिडकी बोटानं झाकून पुन्हा दाबा. आता शटर उघडण्याचा आणि मिटण्याचा आवाज वेगवेगळा, मध्ये लांब खंड पडून ऐकू यायला हवा. दोन्ही वेळा आवाज सारखाच आला, तर मीटर मेलंय. शेवटी लेन्समधून उजेडाकडे बघा. कोळिष्टकासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे. चार-दोन धूळकणांनी काही बिघडत नाही.

कॅमेरा निघायच्या किमान दोन-तीन आठवडे आधी हातात येऊ द्या, म्हणजे एक चाचणीचा रोल काढून, धुऊन बघायला वेळ मिळेल. हे मी कोणालाच सोडू देत नाही. त्यात जवळचा, मधला आणि लांबचा फोकस तपासा, फ्लॅश लावून दोन फोटो काढा, आणि कॅमेरा भर उन्हात थोडा वेळ राहू द्या. दारातून उजेड शिरत असेल तर रंगीत फिल्मवर नारिंगी-लाल पट्टे उमटतात आणि दोष घरीच कळतो. याच रोलचे काही फोटो आई-बाबांना आणि नवऱ्याला काढू द्या. एका बैठकीत तीन खुणा कळतात, भिंगासमोर बोट येतं तेही कळतं, आणि बाबा कॅमेरा डोळ्याला लावून उगाच दोन पावलं मागे जातात की काय, हेही.

ऑटोफोकसवाला घेतलात तर त्या सगळ्यांना एक गोष्ट आवर्जून शिकवा. जुन्या ऑटोफोकसची नजर चौकटीच्या मधोमध असते. दोन माणसं शेजारी उभी असली की बरोबर मधोमध त्यांच्यातली फट येते. कॅमेरा त्या फटीतून मागच्या डोंगरावर फोकस लावतो आणि दोघांचे चेहरे धूसर येतात. आधी एका चेहऱ्यावर मध्य आणून बटण अर्धं दाबायचं, दाबलेलंच ठेवून चौकट परत जुळवायची, मग पूर्ण दाबायचं. गाडीच्या बंद काचेतूनही असाच घोटाळा होतो. अशा बऱ्याच कॅमेऱ्यांचा इन्फ्रारेड किरण काचेवरच आपटून परत येतो. काच खाली करता येत असेल तर करा. एक्सए२ ला हे दोन्ही त्रास नाहीत, हेही माझ्या पसंतीचं एक कारण आहे.

आता फिल्म. सगळे रोल एकाच वेगाचे न्या (वेग म्हणजे फिल्म किती कमी उजेडात चालते ते, तो आयएसओच्या आकड्यात लिहितात), आयएसओ ४०० चे रंगीत निगेटिव्ह. कोडॅक अल्ट्रामॅक्स ४०० पुरेशी आहे. चेहऱ्यांचे रंग अधिक मऊ हवे असतील तर पोर्ट्रा ४००. २०० ची फिल्म उन्हात सुंदर येते, पण छोट्या कॅमेऱ्याला संध्याकाळी ती अपुरी पडते. रात्रीच्या खोलीत एफ/२.८ वर ४०० ची फिल्मसुद्धा सेकंदाचा तिसावा भाग किंवा त्याहून जास्त वेळ मागते, आणि तेवढ्यात मुलगी हललेली असते. मग २०० चा विचारच नको. रंगीत निगेटिव्हला जास्तीचा उजेड बराच चालतो, कमी पडला तर मात्र सावल्या गढूळ होतात. म्हणून शंका असेल तिथे उजेड जास्त द्यावा. स्लाइड फिल्म (जिच्यावर निगेटिव्हऐवजी थेट चित्र उमटतं) या सहलीला नको, ती चूक माफ करत नाही. एक्सए२ मध्ये आयएसओ हातानं लावावा लागतो, रोल घातल्या घातल्या ४०० वर लावा. सगळे रोल ४०० चे असले की पुन्हा तिकडे बघायलाही नको.

किती रोल? ३६ चे पाच, आणि एक जास्तीचा. दोन दिवसांना एक रोल, म्हणजे दिवसाला अठरा फोटो. पाट्या, तिकिटं, नकाशे यासाठी फोन आहेच, ती कामं फिल्मवर टाकायची गरज नाही. रोल घातल्यावर दार लावलं की रिवाइंडची (फिल्म परत डबीत गुंडाळायची) कळ हलकेच उलटी फिरवून आतली ढिलाई काढा आणि पुढच्या दोन फोटोंना त्या कळीवर नजर ठेवा. ती फिरतेय म्हणजे फिल्म सरकतेय. फिरत नसेल तर टोक स्पूलवरून निसटलंय, आणि तुम्ही दिवसभर रिकामेच फोटो काढाल. रोल संपल्यावर आधी पूर्ण रिवाइंड, मगच दार उघडायचं. हे मुलालाही सांगून ठेवा.

विमानतळाची भीती रास्त आहे, पण तिच्यावर उपाय आहे. विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात रोल कधीही ठेवू नका. तिथली यंत्रं जोरदार असतात आणि फिल्म धुरकट होते. हातातल्या सामानाच्या जुन्या एक्स-रे यंत्रातून ४०० ची फिल्म एक-दोनदा गेली तर सहसा काही दिसत नाही, पण प्रत्येक फेरीचा परिणाम साठत जातो. आता अनेक ठिकाणी सीटी स्कॅनर आले आहेत आणि त्यातून एकदा गेलेला कुठल्याही वेगाचा रोल खराब होऊ शकतो. म्हणून रोल खोक्यांतून आणि डब्यांतून काढून एका पारदर्शक पिशवीत ठेवा, पिशवी वेगळी हातात घ्या आणि रांगेत पुढे गेल्यावर हातानं तपासायची शांतपणे विनंती करा. त्यासाठी थोडं लवकर पोचा. शिशाच्या पिशव्यांवर विसंबू नका. यंत्राला आत काही दिसलं नाही की पिशवी पुन्हा आत जाते. कॅमेऱ्यात अर्धा रोल ठेवून विमानतळावर जाऊ नका, नाहीतर कॅमेऱ्यासाठीही तीच विनंती करावी लागेल. आदल्या संध्याकाळी उरलेले फोटो काढून टाका.

उष्णतेचाही तेवढाच विचार करा. उन्हात उभ्या गाडीत रोल ठेवू नयेत. घरी फ्रीजमध्ये ठेवत असाल तर बंद डबी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मगच उघडा, नाहीतर फिल्मवर दव धरतं.

मुलाला स्वतःचा कॅमेरा जरूर द्या. त्याच्यासाठी एकदा वापरून द्यायचा, बहुधा २७ फोटोंचा कॅमेरा उत्तम. त्याला दोनच नियम पुरे आहेत: समोरच्यापासून किमान एक मोठं पाऊल लांब राहायचं आणि सावलीत किंवा घरात फ्लॅशचं बटण दाबायचं. पुढे काय करायचं ते त्याचं त्याला ठरवू द्या. 'हे काढ, ते काढ' म्हणत मागे लागू नका. नऊ वर्षांचं मूल ज्या उंचीवरून बघतं तिथून दिसलेली आजी-आजोबांची सहल तुम्हाला दुसऱ्या कुठल्याही कॅमेऱ्यातून मिळायची नाही. तो संपल्यावर उघडू मात्र देऊ नका. आतल्या फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये जोराचा धक्का बसेल एवढा भार उरलेला असतो. विमानतळावर त्याचा कॅमेराही रोलच्याच पिशवीत.

बाकी सामान थोडकंच. मनगटाची दोरी, एलआर४४ सेलची एक जादा जोडी (एक्सए२ ला दोन लागतात आणि सेल गेला की कॅमेरा ठप्प होतो), फ्लॅशसाठी एक पेन्सिल सेल, लेन्स पुसायचं मऊ कापड आणि एक मार्कर. प्रत्येक रोल निघाला की त्यावर क्रमांक आणि ठिकाण लिहा. वाळूत कॅमेरा पिशवीबाहेर काढलात तर झाकण मिटूनच परत ठेवा. सरकत्या झाकणात वाळू गेली की ते करकरतं आणि लेन्सवर ओरखडे पडतात. एसएलआर घरी राहू द्या. सोबत घेतलात तर तो पुन्हा तुमच्याच खांद्यावर येईल.

परत आल्यावर रोल फार दिवस ठेवू नका. धुवायला देताना कापलेल्या पट्ट्या प्लास्टिकच्या पाकिटात घालून परत हव्यात, हे आधीच सांगा. काही लॅब नुसते स्कॅन पाठवतात आणि निगेटिव्ह मागितल्याशिवाय देत नाहीत. आणि सगळे रोल एकदम देऊ नका. आधी एक द्या, तो नीट आला की मग उरलेले.